फेरफार कोण वाचतो?

मेमरी मॅनेजमेंट हा शब्द दिसला की घरची मंडळी हा ब्लॉग बंद करतात, हे मला ठाऊक आहे. आज जरा थांबा. विषय लिनक्स कर्नेलचा असला तरी मुद्दा सातबाऱ्याचा आहे, आणि पनवेलच्या माणसाला सातबाऱ्याचं मोल मी काय सांगणार!

कर्नेलमध्ये 'कॉपी ऑन राइट' नावाची एक काटकसर असते. दहा प्रोग्रॅमना एकच फाईल वाचायची असेल तर मेमरीत प्रत एकच ठेवायची. कोणाला त्यात स्वतःपुरती खाडाखोड करायची असली, तर त्या पानाची झेरॉक्स काढून त्याला द्यायची. मूळ पान शाबूत.

ऑक्टोबर २०१६ मध्ये (इकडे पनवेल महानगरपालिका झाली त्याच महिन्यात) या काटकसरीतलं एक भोक जगजाहीर झालं. नाव 'डर्टी काऊ'. व्हायचं असं: झेरॉक्स निघाली. आता प्रत तयार आहे म्हणून कर्नेलने "याला लिहायचंय" ही चिठ्ठी फाडली. तेवढ्यात त्याच प्रोग्रॅमच्या दुसऱ्या थ्रेडने ती झेरॉक्स फेकून दिली. कर्नेल पुन्हा पान शोधायला गेलं. चिठ्ठी नाही, म्हणजे हा नुसता वाचणारा, असं समजून त्याने मूळ पानच काढून दिलं. आणि लिहिणं झालं ते थेट मूळ पानावर! एखादा साधा वापरकर्ता अशाने मशीनचा मालक होऊ शकत होता.

खरी गोष्ट पुढेच आहे. दुरुस्ती करताना लिनस टोरवाल्ड्सने नोंदीत लिहिलं, की हीच चूक त्याने अकरा वर्षांपूर्वी सुधारायचा प्रयत्न केला होता. तो नीट जमला नव्हता, आणि आयबीएमच्या एस३९० मशीनवर अडचणी आल्यामुळे मागे घेतला गेला. तेव्हा हा धोका कागदावरचाच होता. पुढे कर्नेल बदलत गेलं आणि तो प्रत्यक्षात आला. २००७ च्या २.६.२२ आवृत्तीपासून भोक उघडं होतं.

बघणारे डोळे पुष्कळ असले की बग लपत नाही, असं ओपन सोर्सवाले म्हणतात. डोळे होते हो! पण रिव्ह्यू करणारा समोरचा पॅच बघतो: या ओळी गेल्या, त्या आल्या. प्रत्येक पॅच आपापल्या जागी ठीक. भोक होतं ते दोन बदलांच्या मधल्या फटीत.

शहाणा माणूस जमीन घेताना नुसता उतारा बघत नाही, जुने फेरफार काढायला लावतो. गिटच्या नोंदी म्हणजे आमचे फेरफार. सगळे जपलेले, एका कमांडवर मिळणारे, आणि फारसे कोणी न वाचलेले. म्हणून माझं मत असं, की मेमरीच्या कोडचा रिव्ह्यू करताना निम्मा वेळ इतिहास वाचण्यात गेला पाहिजे. काही काढून टाकणारा पॅच आला तर विचारावं: हे मुळात कुठल्या दुखण्यावर ठेवलं होतं? ते दुखणं आता कोण बघणार?

याने वेग कमी होतो, हा आक्षेप खरा आहे. पण आता यंत्रंसुद्धा भराभर कोड लिहून देतात. लिहिणं इतकं स्वस्त झाल्यावर वाचण्यातही घाई केली, तर मूळ पान सांभाळणार कोण?

असो. तुमच्या ऑफिसात जुन्या नोंदी वाचायचा वेळ कोणी इस्टिमेटमध्ये धरतं का? धरत असेल तर जरूर कळवा.