दत्तकविधान आणि देशाची वेस

आईबापांवाचून उरलेल्या लेकराला मामाने अगर काकाने आपल्या घरी न्यावे, यात भंडारा जिल्ह्यातील खेड्यापाड्यांना नवल वाटत नाही. पवनी-लाखांदूरकडील धानाच्या शिवारात असा निर्णय चार वडीलधारी माणसे बसून करतात. परंतु मामा अमेरिकेत असेल, आणि तेथील नागरिक नसून केवळ ग्रीन कार्डधारक कायम रहिवासी असेल, तर नात्याचा न्याय अपुरा पडतो.

भारतीय कायद्याने ही वाट बंद केलेली नाही. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यान्वये पंधरा वर्षांखालील मूल दत्तक देता येते. २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या कलम ६० मध्ये परदेशस्थ नातलगांसाठी स्वतंत्र तरतूद आहे. अडसर आहे तो पलीकडच्या दाराशी. १९९३ च्या हेग कराराखालील दत्तकाचा मार्ग अमेरिकेने आपल्या नागरिकांपुरताच ठेवला आहे. कायम रहिवाशाला दुसरी अट लागू होते: मूल सोळा वर्षांचे होण्यापूर्वी दत्तक घेतलेले असावे, आणि दोन वर्षे त्याचा कायदेशीर ताबा व सहवास घडलेला असावा. मूल भंडाऱ्यात, मामा न्यू जर्सीत. सहवास घडावा कोठे? नोकरी सोडून तो दोन वर्षे गावी राहिला, तर दीर्घ अनुपस्थितीमुळे त्याचा रहिवासच धोक्यात येतो. नागरिकत्वासाठी थांबावे, तर ग्रीन कार्डानंतर सामान्यतः पाच वर्षे जातात. तोवर बालपण थांबत नाही.

ही कठोरता निराधार आहे, असे म्हणता येणार नाही. परदेशी दत्तकाच्या नावाखाली चालणाऱ्या मुलांच्या व्यापाराविरुद्ध लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले आणि १९८४ मध्ये न्या. भगवती यांनी त्यावर ऐतिहासिक निर्णय दिला. कागदोपत्री दत्तक दाखवून परवाना मिळवण्याची लबाडीही होऊ शकते. परंतु चोराला अडवणारी भिंत अनाथ भाच्यालाही अडवत असेल, तर तिला दार हवे. कॅनडाने ते ठेवले आहे. तेथील कायम रहिवाशालाही अठरा वर्षांखालील अविवाहित, अनाथ भाचा, पुतण्या किंवा नातू यांना प्रायोजित करता येते. त्यासाठी दत्तकविधानाची सक्तीही नाही.

परदेशातील श्रमाच्या बाजाराला कुशल हात हवे असतात. त्या हातांवर विसंबलेली माणसे मात्र वेशीवरच उभी राहतात. कुशल कामगारांच्या परवान्यांविषयी वाटाघाटी करताना भारत सरकारने अनाथ नातलग मुलांचा प्रश्नही मांडला पाहिजे.

तोपर्यंत कुटुंबांनी घाई करू नये. विधिवत झालेले दत्तक रद्द करता येत नाही आणि जन्मकुळाशी असलेले कायदेशीर नाते तुटते. परवान्याची खात्री नसताना दत्तकपत्र नोंदवले, तर मूल कायद्याने परदेशस्थ मामाचे होते आणि प्रत्यक्षात आजीच्या ओसरीवर राहते. त्यापेक्षा १८९० च्या पालक व पाल्य कायद्यान्वये आजी-आजोबांचे पालकत्व मान्य करून घ्यावे, राज्याच्या बालसंगोपन योजनेसाठी अर्ज करावा आणि मामाने शिक्षणाचा खर्च नियमित पाठवावा. जिल्हा बाल संरक्षण कक्षाने हा सल्ला दत्तकपत्र होण्यापूर्वीच गावोगावी पोहोचवला पाहिजे. मुलाला परदेश मिळाला नाही तरी चालेल. परंतु त्याला सांभाळण्याची जबाबदारी नेमकी कोणाची, हे एक दिवसही अधांतरी राहता कामा नये.