पराभवाची जात कोणती?

मैदानावरच्या हुल्लडबाजीची चर्चा निघाली की एक ठरलेले वाक्य कानावर येते: चाहते भावनेच्या भरात वाहवत गेले. १९९६ च्या विश्वचषक उपांत्य सामन्यात ईडन गार्डन्सवर बाटल्या फेकल्या गेल्या, स्टँडमध्ये आगी पेटल्या आणि सामना श्रीलंकेला बहाल करावा लागला. तिथेही दोष भावनेचाच! आम्हाला हे वाक्य मान्य नाही. भावना खरोखर आंधळी असती तर तिने कुणाचेही दार ठोठावले असते. ती नेमके घर कसे शोधते?

४ ऑगस्ट २०२१ ला टोकियो ऑलिम्पिकच्या उपांत्य सामन्यात आपला महिला हॉकी संघ अर्जेंटिनाकडून १-२ ने हरला. संघात १६ खेळाडू होत्या. फटाके मात्र हरिद्वारजवळच्या रोशनाबाद गावात, वंदना कटारियाच्या घरासमोर फुटले. तथाकथित उच्चजातीय तरुण तिथे नाचले, त्यांनी जातिवाचक शिव्या दिल्या. संघात दलित जास्त झाले म्हणून भारत हरला, असे ते म्हणत होते, ही कुटुंबाची तक्रार आहे. ॲट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला, अटकही झाली.

आणि ही वंदना कोण? चारच दिवस आधी दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल करून संघाला ४-३ ने जिंकवणारी, ऑलिम्पिकमध्ये हॅट्ट्रिक करणारी पहिली भारतीय महिला. त्याच वर्षी वडील वारले तेव्हा सराव शिबिरात असल्यामुळे तिला अंत्यदर्शनही घेता आले नाही. घरासमोरच्या या तमाशानंतर दोनच दिवसांनी ती ग्रेट ब्रिटनविरुद्ध उतरली आणि तिने गोल केला. देशाचा पराभव झाला म्हणून फटाके वाजवणाऱ्यांना चाहते म्हणायचे तरी कसे? ज्याला हार साजरी करावीशी वाटते, त्याला देशापेक्षा जात मोठी आहे.

हा रोग आजचा नाही. पळवणकर बाळू यांच्या फिरकीवर हिंदूंच्या संघाने सामने जिंकले, पण पुण्यात त्यांना चहा मिळायचा तो बाहेर, मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. कर्णधारपद मात्र शेवटपर्यंत दिले नाही. ते १९२३ मध्ये त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांच्या वाट्याला आले, तेही बरीच ओरड झाल्यावर. बळी चालतात, हुकूम चालत नाही!

जानेवारी २०२१ मध्ये सिडनीत मोहम्मद सिराजवर वर्णद्वेषी शेरेबाजी झाली. सिराजने पंचांना सांगितले, खेळ थांबला, प्रेक्षकांना बाहेर काढले गेले, ऑस्ट्रेलियन मंडळाने माफी मागितली. अख्खा देश संतापला, आम्हीही संतापलो. पण त्याच देशात २०२० मध्ये युवराज सिंगने इन्स्टाग्रामवर गप्पा मारताना सहकारी खेळाडूसाठी एका जातीचे नाव हसत हसत शिवीसारखे वापरले होते, आणि पुष्कळांना तो निव्वळ विनोद वाटला. (नंतर त्याने खेद व्यक्त केला, हांसीत गुन्हाही नोंदला गेला.) परक्याने रंगावरून हिणवले तर अपमान, घरच्याने जातीवरून हिणवले तर गंमत?

यामागे राजकारणही आहे. वांशिक भेदभावाविरुद्धच्या १९६५ च्या आंतरराष्ट्रीय कराराच्या व्याख्येत वर्णाबरोबर जन्मवंशाचाही उल्लेख आहे. त्यात जात येते, असे संयुक्त राष्ट्रांच्या समितीने २००२ मध्ये स्पष्ट केले. आपल्या सरकारने मात्र २००१ च्या डर्बन परिषदेत जात हा आमचा अंतर्गत प्रश्न म्हणून हात झटकले.

आम्ही वस्त्यांमध्ये काम करतो. टेनिस बॉलच्या स्पर्धेत आमची पोरं जिंकायला लागली की सीमारेषेवरून काय ऐकू येते, ते आम्हाला कुणी शिकवायला नको. तक्रार केली की आयोजक म्हणतात, "खेळात एवढं चालतंच." नाही चालत. ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम ३(१)(आर) आणि (एस) नुसार लोकांच्या नजरेसमोर जातीवरून अपमान करणे, जातिवाचक शिवी देणे हा गुन्हा आहे. चारशे माणसांनी वेढलेल्या मैदानाहून लोकांच्या नजरेसमोरची दुसरी जागा कोणती? तेव्हा स्पर्धेच्या नियमपत्रकात जातिवाचक शिवीबद्दल संघ बाद, असे छापून घ्या. छापत नसतील तर प्रवेश फी भरू नका. शिवी ऐकली तर नावे, वेळ, साक्षीदार त्याच दिवशी लिहून ठेवा आणि फिर्याद द्यायला पोरांना एकटे पाठवू नका, सोबत जा.