पहारेकरी उपाशी असतो काय ?

दोन वर्षांपूर्वीं उन्हाळ्याच्या सुटींत आम्हांस आफ्रिका खंडांतील बोट्स्वाना देशीं जाण्याचा योग आला. आमचे मेहुणे त्या देशाच्या राजधानींत, गॅबोरोन येथें, हिशेबनिसाचें काम करितात. त्यांच्या आग्रहावांचून आमच्यासारख्या शिक्षकाच्या हातून एवढा लांबचा प्रवास घडला नसता हें उघड आहे. परत आल्यावर सकाळच्या प्रार्थनेनंतर आम्हीं विद्यार्थ्यांस मीरकॅट नामक प्राण्याची हकीकत सांगितली. ती पुष्कळांस आवडली. परंतु तींत एक गोष्ट आम्हीं चुकीची सांगितली, आणि ती चूक तशीच राहूं देणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. म्हणून हा लेख.

ज्या पालकांनीं ती हकीकत ऐकली नाहीं त्यांच्याकरितां थोडें सांगितलें पाहिजे. मीरकॅट हा आपल्या मुंगसाच्या कुळांतला प्राणी होय. नांवांत 'कॅट' असलें तरी तो मांजर नव्हे. वजन पाऊण किलोच्या आंतबाहेर, आणि मागच्या पायांवर ताठ उभा राहिला म्हणजे उंची सुमारें एक फूट. डोळ्यांभोंवतीं काजळ घातल्यासारखीं काळीं वर्तुळें असतात. उन्हाची तिरीप त्यांच्यामुळें कमी भासते. आपलें मुंगूस बहुधा एकटें हिंडतें; हा मात्र दहा-वीस, क्वचित् चाळीसपर्यंतच्या कळपानें बिळांत राहतो. बोट्स्वाना, नामिबिया व दक्षिण आफ्रिका यांत पसरलेला कालाहारीचा रुक्ष प्रदेश हें त्याचें मुख्य वसतिस्थान.

बोट्स्वानाच्या ईशान्य भागांत ग्वेटा नांवाचें गांव आहे. त्याच्या दक्षिणेस मकगाडीकगाडी हें खारट मातीचें अफाट मैदान पसरलें आहे. पुरातन काळीं तेथें एक प्रचंड सरोवर होतें, तें आटून हें मीठ मागें राहिलें. मे महिना म्हणजे तेथील हिवाळ्याचा आरंभ. पहाटेच्या अंधारांत, उघड्या मोटारींत, अंगावर घोंगडी घेऊन आम्ही निघालों तेव्हां दांत वाजत होते. आमचा वाटाड्या त्याच भागांतला. कळप कोणत्या बिळांत शिरला हें त्यानें आदले दिवशीं संध्याकाळींच पाहून ठेविलें होतें. हात पुढें करावयाचा नाहीं, खावयास द्यावयाचें नाहीं, आणि अंगावर चढला तर हलावयाचें नाहीं, असे तीन नियम त्यानें सांगितले. (आमच्या शाळेचे नियम याहून पुष्कळ आहेत, आणि याहून पुष्कळ मोडलेही जातात.)

सूर्य वर आल्यावर बिळाच्या तोंडाशीं एक डोकें दिसलें, मग दुसरें, मग पांच-सहा. बाहेर येऊन ते सर्व सूर्याकडे पोट करून उभे राहिले. पोटावरचे केंस विरळ असून खालची कातडी काळसर असते. थंड रात्रीनंतर अंग तापविण्याचा हा त्यांचा उपाय. कांहीं वेळानें ते पांगले व वाळू उकरून किडे शोधूं लागले. डोकें खालीं आणि शेपूट वर अशा स्थितींत ससाणा दिसणार कसा? म्हणून एखादा उंच जागीं चढून पहारा करितो. त्या सपाट मैदानांत उंच जागा म्हणजे एखादें वारूळ, एखादें झुडूप, किंवा मुकाट्यानें बसलेला एखादा शिक्षक. एक मीरकॅट आमच्या गुडघ्यावरून खांद्यावर आणि खांद्यावरून टोपीवर चढला. त्याचीं नखें कापडांतून आमच्या डोक्यास लागत होतीं. मधून मधून तो बारीक आवाज करी. पहारा चालू आहे अशी ती खालच्यांस खूण. पांच-सात मिनिटांनीं तो आला तसा उतरून गेला. त्यानें आमच्या तोंडाकडे एकदांही पाहिलें नाहीं.

मेहुण्यांनीं काढलेलें छायाचित्र आम्हीं शाळेंत आणलें. 'किती माणसाळला आहे!', 'सरांवर केवढा जीव बसला!' असें जो तो म्हणूं लागला, आणि आम्हीं तें नाकारलें नाहीं. उलट भाषणांत आम्ही आणखी पुढें गेलों. सर्व कळप खात असतां हा एकटा उपाशी राहून बांधवांकरितां जिवावर उदार होतो, असा त्याचा स्वार्थत्याग आम्हीं वर्णिला. तेव्हां सातव्या इयत्तेंतील एका विद्यार्थ्यानें उभें राहून विचारलें, "सर, पहारेकरी खरोखर उपाशी असतो काय?" आम्हीं म्हटलें, "अर्थातच." आम्हांस तें ठाऊक नव्हतें. बोलण्याच्या भरांत शोभलें म्हणून आम्हीं तसें म्हटलें. पुढें परीक्षेंत 'स्वार्थत्याग' या विषयावरील निबंधांत पंधरा-वीस मुलांनीं मीरकॅट आणला, आणि आम्हींच त्यांस गुण दिले.

वाचन केलें तें त्यानंतर. दक्षिण आफ्रिकेंत कुरुमान नांवाचें ठिकाण आहे. मिशनच्या इतिहासाच्या वाचकांस तें परकें नाहीं: तेथेंच रॉबर्ट मॉफट यांनीं पवित्र शास्त्राचें सेत्स्वाना भाषेंत भाषांतर करून तें १८५७ सालीं पुरें केलें, आणि पुढें त्यांचे जामात झालेले डॉ. लिव्हिंग्स्टन १८४१ सालीं आफ्रिकेंत आले ते प्रथम तेथेंच राहिले. त्याच नांवाच्या, बहुतेक कोरड्या असणाऱ्या नदीच्या कांठीं केंब्रिज विद्यापीठाचे टिम क्लटन-ब्रॉक यांनीं १९९३ सालीं मीरकॅटांचा अभ्यास आरंभिला. प्रत्येक प्राण्यावर खूण केलेली, प्रत्येकाचा जन्म व मृत्यु नोंदलेला. उकडलेल्या अंड्याच्या चुऱ्याच्या लोभानें हे प्राणी तराजूवर चढतात, आणि सकाळचें वजन, संध्याकाळचें वजन असें लिहून ठेवितात.

या नोंदींवरून १९९९ सालीं जें प्रसिद्ध झालें तें वाचून आम्हांस आमचें 'अर्थातच' आठवलें. मीरकॅट पहाऱ्यास चढतो तो पोट भरल्यावर. एखाद्यास मुद्दाम जास्त अंडें खाऊं घातलें तर तो अधिक वेळ पहारा करितो. पाळी अशी ठरलेली नसते. आपलें पोट भरलें आहे आणि वर दुसरा कोणी नाहीं, एवढें त्यास पुरे होतें. शत्रु प्रथम त्यासच दिसतो व बीळ जवळ असतें, म्हणून पळण्यांतही तो मागें राहत नाहीं. त्याच्या पहाऱ्यानें कळप वांचतो हें खरेंच. पण आम्हीं रंगविलेला हुतात्मा तो नव्हे.

मग उपाशी कोणीच नसतो काय? असतो, आणि त्याच्याविषयीं आम्हीं भाषणांत एक अक्षरही उच्चारलें नव्हतें. पिलें अगदीं लहान असतां कळप अन्न शोधण्यास दूर जातो, तेव्हां एखाददुसरा मीरकॅट बिळापाशीं मागें राहतो. पिलें बहुधा त्याचीं स्वतःचीं नसतात. संध्याकाळीं कळप परत येईपर्यंत त्यास खावयास मिळत नाहीं, आणि त्याचें वजन घटतें. तराजूनें हें स्वच्छ दाखविलें आहे. तो टोपीवर चढत नाहीं. त्याचें छायाचित्र कोणी काढीत नाहीं. आम्हीही त्या सकाळीं कळपामागोमाग गेलों. बिळापाशीं कोणी राहिला कीं काय, हें वळून पाहिलें नाहीं.

आणखीही एक गोष्ट आम्हीं सांगितली नव्हती. कळपांत बहुधा एकच मादी प्रमुख असते. दुसरी व्याली तर प्रमुख मादी तिचीं पिलें पुष्कळदां मारून टाकते, किंवा ती गाभण असतांच तिला कळपाबाहेर हांकलते. २०१६ सालीं 'नेचर' या नियतकालिकांत सस्तन प्राण्यांच्या हजारांहून अधिक जातींचा हिशेब प्रसिद्ध झाला. स्वजातीयांच्या हातून येणाऱ्या मृत्यूंत मीरकॅटाचा क्रमांक पहिला निघाला, शेंकडा सुमारें १९. परक्या पिलांसाठीं दिवसभर उपाशी बसणारा आणि शेजारणीचीं पिलें मारणारी, हीं दोघें एकाच बिळांत राहतात. याचा सुभाषितांत कसा बसवावा असा अर्थ आम्हांस लागत नाहीं, आणि तो लावण्याची घाई करूं नये असेंच आमचें मत आहे. देवानें हा प्राणी आमच्या निबंधांच्या सोयीसाठीं निर्मिलेला नाहीं. शलमोन राजानें आळशी मनुष्यास मुंगीकडे पाठविलें तें तिचें वर्तन पाहण्यास. तिच्याविषयीं मनचें रचून सांगण्यास नव्हे.

आमचे एक सहशिक्षक म्हणतात कीं, थोड्याशा गोड असत्यानें मुलांच्या मनांत प्राण्यांविषयीं प्रेम उपजत असेल तर बिघडलें कोठें? बिघडतें तें असें. इंग्लंडांत २००९ पासून दूरचित्रवाणीवरील एका जाहिरातमालेंत बोलका मीरकॅट झळकूं लागला, आणि कित्येकांस तो घरीं पाळावासा वाटूं लागला. हा प्राणी घरांत ठेवण्याजोगा नव्हे असें तेथील प्राणिदयेच्या संस्थेस लोकांना बजावावें लागलें. कळपांतून तोडलेला, उकरावयास वाळू नसलेला मीरकॅट चावूं लागला म्हणजे तें प्रेम किती दिवस टिकणार? आपल्याकडेही तसेंच आहे. मुंगसाचें दर्शन आपण शुभ मानतों, पंचतंत्रांतील इमानी मुंगसाची गोष्ट प्रत्येक मूल ऐकतें. आणि त्याच मुंगसाच्या केंसांचे कुंचले, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें बंदी असतांही, चोरून विकले जातात. आपल्या पाल्याच्या चित्रकलेच्या पेटींतील कुंचला कशाचा आहे हें पालकांनीं एकदां पाहावें.

वाचनांत एक गोष्ट अशी सांपडली कीं, ती आमच्या धंद्यांतली असल्यामुळें येथें सांगण्याचा मोह आवरत नाहीं. मीरकॅट विंचू खातात. पण विंचू धरणें हें पिलास शिकावें लागतें. मोठे मीरकॅट लहान पिलास प्रथम मेलेला विंचू आणून देतात, थोडें वाढल्यावर नांगी तोडलेला जिवंत, आणि शेवटीं नांगीसकट. विंचू निसटला तर त्यास ढकलून पुन्हां पिलापुढें आणतात. हें अलेक्स थॉर्नटन व कॅथरीन मॅकॉलिफ यांनीं २००६ सालीं 'सायन्स' या नियतकालिकांत मांडलें. परंतु पिलास किती येतें हें तो गुरु कशावरून ओळखतो? आवाजावरून. वयाप्रमाणें पिलाचा ओरडा बदलतो. संशोधकांनीं लहान पिलांजवळ मोठ्या पिलांचा मुद्रित आवाज वाजविला, तों गुरुजी लागलीच जिवंत विंचू घेऊन आले! आम्हांस यांत हंसण्यास तोंड नाहीं. मुलाचा आवाज फुटला, मिसरूड दिसूं लागली कीं, मागचें व्याकरण कच्चें आहे कीं पक्कें हें न पाहतां आम्हीही पुढचें पुस्तक त्याच्या हातांत देत आलों आहों.

असो. ज्या विद्यार्थ्यानें तो प्रश्न विचारला तो आतां नवव्या इयत्तेंत आहे. त्याचें उत्तर आम्हीं दोन वर्षें थकविलें. तें असें: नाहीं बाळ, पहारेकरी जेवूनच वर चढतो. उपाशी असतो तो खालीं, बिळापाशीं. ज्या मुलांस आम्हीं त्या निबंधाचे गुण दिले त्यांचे गुण आम्ही कापणार नाहीं, कारण चूक त्यांची नव्हती. आमच्या टोपीवर चढलेल्याचें पोट त्या सकाळीं खरोखर भरलेलें होतें किंवा कसें, हें मात्र आम्हांस सांगतां येणार नाहीं. तो इतका जवळ होता कीं पाहणें सहज शक्य होतें. पण छायाचित्र बरें निघेल कीं नाहीं, या विवंचनेंत आम्ही होतों.