गुण नकोत, तास द्या

दहावीचा निकाल लागला की शंभर टक्के मिळवणाऱ्यांचा आकडा पहिल्या पानावर येतो. 2023 मध्ये तो 151 होता, 2024 मध्ये 187 आणि 2025 मध्ये 211. त्या 211 पैकी 113 मुले एकट्या लातूर विभागातली. या मुलांच्या मेहनतीबद्दल शंका घेण्याचे काही कारण नाही. पण हा आकडा मुलांच्या तयारीइतकाच नियमांवरही ठरतो. 2019 मध्ये भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेच्या हातातले गुण बंद झाले, तेव्हा सबंध राज्यात फक्त 20 जणांना शंभर टक्के मिळाले. पुढच्या वर्षी ते गुण परत आले आणि आकडा 242 वर गेला. याच टक्क्यांत आणखी एक भर पडत असते. शासकीय रेखाकला परीक्षा, शास्त्रीय गायन-वादन-नृत्य, लोककला आणि खेळ यांसाठी दहावीच्या बेरजेत वाढीव गुण धरले जातात. खेळाडू ज्या पातळीवर खेळला त्यानुसार त्याला जास्तीत जास्त 25 गुण मिळतात. इंटरमिजिएट चित्रकलेत अ श्रेणी असेल तर 7, ब असेल तर 5, क असेल तर 3. पाच विषयांत 500 पैकी 493 मिळवणारी मुलगी या 7 गुणांच्या बळावर थेट 500 वर पोहोचते. 2017 मध्ये शंभर टक्केवाले 193 झाले आणि बरीच चर्चा झाली, त्यानंतर सरकारने चित्रकलेचे गुण कमी केले, पण मूळ कल्पनेला हात लावला नाही. फेरविचार खरे तर त्या कल्पनेचाच व्हायला हवा. शाळेतल्या खेळाला आणि कलेला सरकार मोल देऊ पाहते हे चांगलेच आहे. ते मोल गुणांत देण्याऐवजी वेळ, शिक्षक आणि मैदान यांच्या रूपाने द्यावे, आणि दहावीला हात आखडता न घेता बारावीपर्यंत द्यावे, असे मला ठामपणे वाटते.

रेखाकला परीक्षेचेच पाहा. इंटरमिजिएटला मूल स्थिरचित्र काढते, संकल्पचित्रात नक्षी भरते, भूमिती आणि अक्षरलेखनाचा पेपर देते. या सगळ्यांत मोलाचा पेपर स्मरणचित्राचा. आठवडी बाजार, बसथांबा, शेतातली कामे असा एखादा विषय हाती पडतो आणि पाहिलेले आठवून कागदावर उतरवायचे असते. त्यासाठी मुलाने आधी खरोखर बाजारात उभे राहून भाजीवालीची बसण्याची ढब, तराजू तोलणाऱ्या हाताची उंची, पिशवी पुढे करून वाकलेले गिऱ्हाईक नीट पाहिलेले असावे लागते. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला पाहायला शिकवणारे याहून चांगले काम शाळेत दुसरे क्वचितच असेल. पण तयारी गुणांसाठी सुरू झाली की पाहणे मागे पडते. पाठमोरी बाई, सायकल धरून उभा माणूस, झाडाखाली बसलेला म्हातारा अशा चार-सहा आकृती घोटून घेतल्या जातात आणि विषय कोणताही आला तरी त्याच जागा बदलून मांडल्या जातात. याचा दोष कलाशिक्षकाला देणे अन्यायाचे होईल. ज्या गोष्टीला 7, 5 आणि 3 असा भाव लावला, तिच्याकडे पालक आणि शाळा त्याच हिशेबाने पाहणार. इंटरमिजिएटचे प्रमाणपत्र हाती आले की कागद आणि रंग बाजूला पडतात, कारण त्यातून मिळायचे ते मिळालेले असते. कथ्थक शिकणाऱ्या मुलीच्या बाबतीत आणि जिल्ह्याच्या खो-खो संघातल्या मुलाच्या बाबतीतही बहुतेक वेळा हेच होते.

त्यानंतरची दोन वर्षे तर जवळजवळ कोरीच जातात. कागदावर तसे नाही. आरोग्य व शारीरिक शिक्षण हा बारावीपर्यंत सक्तीचा विषय आहे आणि गुणपत्रिकेवर त्याची श्रेणीही छापून येते. शालेय क्रीडा स्पर्धांत 19 वर्षांखालचा गट असतो, तो याच मुलांचा. प्रत्यक्षात विज्ञान शाखेतल्या असंख्य मुलांचा कनिष्ठ महाविद्यालयाशी संबंध प्रवेश, प्रात्यक्षिके आणि परीक्षा एवढाच उरला आहे. क्लास आणि कॉलेज यांच्या संगनमताची ‘इंटिग्रेटेड’ पद्धत इतकी बोकाळली, की 2018 मध्ये सरकारला विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढावा लागला. वर्गच भरत नसेल तिथे संघ कुठून उभा राहणार, भित्तिपत्रक कोण काढणार, एकांकिकेच्या तालमीला कोण थांबणार? सोळा ते अठरा या वयात माणूस आपल्या आवडीने माणसे जोडू लागतो, हरल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा सरावाला जायला शिकतो, दहा जणांकडून काम करून घ्यायला शिकतो. नेमकी ही दोन वर्षे आपण बाकावर बसून प्रश्नसंच सोडवण्यात घालवायला लावतो. मुलींचे नुकसान यात अधिक होते. मुलग्याला क्लासनंतर गल्लीत, मैदानावर तासभर काढता येतो. मुलीसाठी शाळेचे मैदान सुटले की बहुतेक घरांत खेळच सुटतो.

मैदान खुले केल्याने काय होते, याचा चांगला पुरावा अमेरिकेत आहे. तिथे 1972 मध्ये ‘टायटल नाइन’ हा कायदा झाला आणि सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना लिंगभेद करण्यास मनाई झाली. त्याआधी हायस्कूलच्या 27 मुलींपैकी एक शाळेच्या संघात खेळत असे. 1978 पर्यंत हे प्रमाण चार मुलींत एक इतके झाले. अर्थशास्त्रज्ञ बेट्सी स्टीव्हन्सन यांनी 2010 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या बदलाचा माग घेतला. खेळणाऱ्या मुली मुळातच हुशार किंवा सधन घरच्या असतील, ही शंका दूर करण्यासाठी त्यांनी राज्याराज्यांची तुलना केली. ज्या राज्यांत मुलगे आधीपासून अधिक प्रमाणात खेळत होते, तिथे मुलींना समान संधी देताना जास्त संघ उभे करावे लागले. म्हणजे मुलींच्या वाट्याला आलेली संधी त्यांच्या हुशारीवर अवलंबून नव्हती. खेळणाऱ्या मुलींचे प्रमाण 10 टक्क्यांनी वाढले, की कॉलेजात जाणाऱ्या मुलींचे प्रमाण सुमारे 1 टक्क्याने आणि नोकरी-व्यवसायात उतरणाऱ्या स्त्रियांचे 1 ते 2 टक्क्यांनी वाढले, असे त्यांना आढळले. हा परिणाम गुणपत्रिकेत भर घालून साधलेला नाही. मुलींना चेंडू, प्रशिक्षक आणि सरावाची वेळ मिळाली, एवढेच घडले होते.

त्याच देशात दुसरी गोष्टही घडली आणि आपण ती डोळ्यांआड करू नये. तिथल्या ‘कॉमन अ‍ॅप’ या प्रवेश अर्जात बारावीच्या मुलाला आपले दहापर्यंत उपक्रम नोंदवता येतात, प्रत्येकाच्या वर्णनाला 150 अक्षरे. बड्या विद्यापीठांत या यादीला वजन असते. राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रिडमन यांनी 2023 मध्ये अशा 12 विद्यापीठांचे प्रवेश तपासले. परीक्षेतले गुण सारखेच असताना सर्वांत श्रीमंत 1 टक्का घरांतली मुले मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून अधिक प्रमाणात तिथे पोहोचत होती. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळणारे झुकते माप आणि खेळाडूंची भरती ही त्याची दोन कारणे, आणि तिसरे कारण अभ्यासाबाहेरच्या कामगिरीला दिलेले गुणांकन. ते गुणांकन पुढच्या आयुष्यातल्या यशाचा अंदाजही देत नव्हते. महागड्या शाळेतल्या मुलाची यादी भरगच्च होणार, यात नवल नाही. 2019 मध्ये तर पैसे मोजून खोटे खेळाडू बनवलेल्या मुलांचे प्रकरण तिथे उघडकीस आले. आपल्याकडेही सरकारी नोकरीतल्या 5 टक्के क्रीडा आरक्षणासाठी ट्रॅम्पोलिनसारख्या खेळांची बनावट प्रमाणपत्रे सापडली आहेत. एकाच समाजात उपक्रमांची संधी वाढवली तेव्हा मुली पुढे गेल्या, आणि उपक्रमांची मोजदाद प्रवेशाला जोडली तेव्हा श्रीमंतांची मुले पुढे गेली. आपण यातला दुसरा रस्ता धरला आहे.

यावर पहिला आक्षेप क्रीडाशिक्षकांकडून येईल आणि तो वजनदार आहे. तालुक्याच्या गावातला कबड्डीपटू सकाळ-संध्याकाळ सराव करतो, स्पर्धांसाठी शाळा बुडवतो, परीक्षेत मागे पडतो. त्याला 10-15 गुणही द्यायचे नाहीत का? या मुलावर अन्याय होतो, हे मला मान्य आहे, म्हणून उपाय त्याच्या नुकसानीच्या मापाचा हवा. त्याचे तास बुडाले असतील, तर शाळेने जादा तास घ्यावेत. पेपर हुकला असेल, तर तो नंतर घ्यावा. राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांमुळे पेपर हुकलेल्या खेळाडूंची परीक्षा सीबीएसई नंतर घेते, तशी सोय प्रत्येक मंडळाने नियम म्हणून ठेवावी. प्रवासखर्च, बूट आणि खुराक यांसाठी पैसे थेट मिळावेत. एखाद्या विषयात थोडक्याने नापास होणाऱ्या खेळाडूला त्या गुणांचा आधार मिळत असेल, तर तेवढ्यापुरती ती सोय राहू द्यावी. पण 94 टक्क्यांचे 98 करण्यासाठी तीच सोय वापरली जाते, तेव्हा त्यातून कबड्डीपटूला काहीच मिळत नाही. उलट अकरावीच्या प्रवेशयादीत तो आणखी खाली ढकलला जातो.

दुसरा आक्षेप पालकांचा. गुण नसतील, तर मुलांना पाठवणार कोण? आणि नीट, जेईई, सीईटी समोर असताना वेळ कुठून आणायचा? 2024 मध्ये नीटला देशभरातून 23 लाखांहून अधिक मुले बसली आणि एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आत होत्या. म्हणजे वीस मुलांमागे एकालाच जागा मिळते आणि उरलेल्या एकोणीस जणांची दोन वर्षे त्याच एका जागेच्या हिशेबाने आखली जातात. या आईवडिलांची भीती खरी आहे, कारण त्यांच्यासमोर दुसरी धडधाकट वाट क्वचितच ठेवली गेली. पण आठवड्यातले चार तास मैदानावर किंवा तालमीत गेल्याने जागा हुकते, हे कोणी दाखवून दिलेले नाही. आज जो मागे हटेल तो एकटाच मागे पडेल, या धाकाने कोणीच हटत नाही. सर्वांच्या वेळापत्रकात तास सारखाच असेल, तर हा धाक राहत नाही. म्हणून तो तास ऐच्छिक ठेवून चालणार नाही. आयआयटी मद्रासने 2024 पासून खेळाडूंसाठी आणि 2025 पासून कलावंतांसाठी प्रत्येक अभ्यासक्रमात दोन-दोन वाढीव जागा ठेवल्या आहेत, त्यांतली एक मुलींसाठी. हे पाऊल स्वागतार्ह आहे, मात्र असाधारण मुलांपुरते आहे. संघात अकरावा म्हणून खेळणाऱ्या, नाटकात पडदा ओढणाऱ्या मुलाला अशा जागेची अपेक्षा नसते. त्याला संघ आणि नाटक हवे असते.

तिसरी अडचण शिक्षकांची, आणि ती सर्वांत खरी. शिक्षण हक्क कायद्यानुसार सहावी ते आठवीत 100 हून अधिक मुले असतील, तरच कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभव यांसाठी अंशकालीन निदेशक द्यावा लागतो. लहान शाळा त्यातून सुटतात, आणि हा कायदा आठवीपाशीच थांबतो. 2020 चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण अभ्यासक्रम आणि अभ्यासेतर उपक्रम यांत भिंत नको म्हणते, पण शिक्षकाच्या पगाराची तरतूद नसेल, तर ती भिंत जागची हलत नाही. नववी ते बारावीच्या प्रत्येक अनुदानित संस्थेला एक पूर्णवेळ क्रीडाशिक्षक आणि एक कलाशिक्षक द्यावा. जवळपासच्या तीन-चार छोट्या संस्थांना मिळून एक दिला तरी सुरुवात होईल. गावातले तबलावादक, मूर्तिकार, जुने खेळाडू यांना नियमित मानधनावर बोलावता येईल. मैदान नसलेल्या शहरी कॉलेजांना पालिकेची मैदाने दुपारी ठरलेल्या वेळी मिळावीत. विज्ञान, वाणिज्य आणि कला या तिन्ही शाखांच्या वेळापत्रकात आठवड्याचे चार तास याच कामासाठी राखून ठेवावेत. या तासांची परीक्षा घेऊ नये, त्यांना श्रेणी देऊ नये, त्यांचे प्रमाणपत्रही कोणत्या प्रवेशाला जोडू नये. तपासायचेच असेल, तर संस्थेला तपासावे: तास झाले का, शिक्षक हजर होता का, मुलींचा संघ उभा राहिला का. बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढताना जी तातडी दिसली, ती या तीन प्रश्नांची उत्तरे मागताना दिसली, तर येत्या जूनमध्ये अकरावीत पाऊल टाकणाऱ्या मुलांनाही त्याचा लाभ मिळू शकेल.