थकलेला कान आवाज वाढवायला लावतो

मुळशी तालुक्यातील नांदे परिसरात शेतांच्या शेजारी आता मोठ्या सोसायट्या उभ्या आहेत. हिंजवडीतले काम आटोपून घरी आलेल्या एखाद्या तरुणाला जिमी हेंड्रिक्सचे १९६७ मधील ‘पर्पल हेझ’ स्वतः गाऊन-वाजवून रेकॉर्ड करायचे असेल, तर स्टुडिओ लागत नाही. लॅपटॉप, माइक, गिटार आणि हेडफोन पुरतात. छंद चांगलाच आहे. मात्र हेडफोनमुळे शेजाऱ्यांची झोप वाचली, तरी वाजवणाऱ्याचे कान वाचतातच असे नाही.

सायकेडेलिक रॉकमध्ये गिटारचा आवाज मुद्दाम फाटका केला जातो, त्यावर प्रतिध्वनीचे थर चढतात. कानाला विसावा मिळेल अशा शांत जागा थोड्याच. मूळ गाणे जेमतेम तीन मिनिटांचे. पण एकेक थर रेकॉर्ड करताना ते पन्नास वेळा ऐकले, तरी अडीच तास होतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, प्रौढांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्यात ४० तासांपर्यंत ऐकणे सुरक्षित आहे. दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते. ९० डेसिबलला आठवड्याचे चार तास, तर १०० डेसिबलला अवघी वीस मिनिटे उरतात.

खरा धोका पुढेच आहे. मोठा आवाज ऐकून थकलेल्या कानाला तेच गाणे हळू वाटू लागते. मग बटण थोडे वर सरकते, कान आणखी थकतो, बटण पुन्हा सरकते. अंतर्कर्णात जन्मतः सुमारे १५ हजार केशपेशी असतात. त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. श्रवणयंत्र आवाज मोठा करते. हरवलेला स्पष्टपणा पूर्णपणे परत आणत नाही.

‘द हू’ या बँडचे गिटारवादक पीट टाउनशेंड यांनी २००६ मध्ये आपल्या श्रवणदोषाचा दोष रंगमंचावरील गोंगाटापेक्षा स्टुडिओतील हेडफोनला दिला होता. घरोघरी स्टुडिओ झाल्यावर हा अनुभव दुर्लक्षिण्यासारखा नाही.

म्हणून आवाजाची पातळी कान ताजे असतानाच ठरवावी आणि नंतर वाढवू नये. गाणे हळू वाटू लागले, की बटणाला हात न लावता हेडफोन काढावा. दर तासाला दहा मिनिटे शांततेत घालवावीत. गाताना स्वतःचा आवाज ऐकू येत नसेल, तर साथीचा आवाज कमी करावा.

रेकॉर्डिंगनंतर कानात शिट्टी वाजणे किंवा दडे बसल्यासारखे वाटणे, हा इशारा आहे. तो सकाळपर्यंत ओसरला म्हणजे सारे ठीक झाले, असे नव्हे. त्रास टिकला तर ऑडिओमेट्री करून घ्यावी. अचानक ऐकू येईनासे झाले तर त्याच दिवशी कान-नाक-घसातज्ज्ञांकडे जावे. बिघडलेले रेकॉर्डिंग पुन्हा करता येते. कानाचे तसे नाही.