वाजंत्र्याच्या कानाचा वाली कोण?

वरातीपुढे चार-चार तास ताशा बडविणाऱ्या माणसाच्या कानाचे पुढे काय होते, हा प्रश्न आपल्या समाजात सहसा कोणी विचारीत नाही. विचारलाच तर उत्तर तयार असते: "त्यांना सवय असते." या उत्तरात जितके अज्ञान आहे तितकीच निर्दयता आहे. मेलेले ढोर ओढणाऱ्याच्या नाकाला दुर्गंधीची सवय असते, येसकराच्या पायांना काट्यांची सवय असते, असे सांगणारी गावकी याच भाषेत बोलत होती. कानाला आवाजाची सवय होत नसते. कान हळूहळू मरतो, आणि मेलेल्या इंद्रियाची तक्रार नसते म्हणून पाहणारा तिला सवय म्हणतो!

मनुष्याच्या प्रत्येक कानात आतल्या शंखाकृती भागात सुमारे १५ हजार केशपेशी असतात. त्या एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उगवत नाहीत. ८५ डेसिबेलचा आवाज दिवसाला ८ तास, ही तज्ज्ञांनी सुरक्षिततेची मर्यादा मानली आहे. त्यापुढे दर ३ डेसिबेलला आवाजाची ऊर्जा दुप्पट होते व सहन करण्याची मुदत निम्म्यावर येते. ८८ ला ४ तास, ९४ ला १ तास आणि १०० ला अवघी १५ मिनिटे! छातीशी धरलेली हलगी, गळ्यातला ताशा, मानेमागून फुंकला जाणारा ट्रम्पेट आणि त्यावर बेंजो पार्टीच्या गाडीवरचे कर्णे, या सर्वांच्या मधोमध उभा असलेला वादक १०० ची रेषा पहिल्या गल्लीतच ओलांडतो. मग वरातीचे उरलेले तास तो कशाच्या बळावर काढतो?

पहिला घाव बसतो तो ४००० हर्ट्झच्या आसपासच्या उंच स्वरांवर. स, श, त, क अशा व्यंजनांची ओळख त्या उंच पट्ट्यातच पटते. सबब अशा माणसाला कोणी बोलते आहे हे ऐकू येते, पण काय बोलते आहे हे कळत नाही. मोटार अपघाताच्या एका दाव्यात माझा एक साक्षीदार चाळिशीतला ताशावादक होता. उलटतपासणीत त्याला "किती वाजता?" असे विचारले, आणि त्याने गावाचे नाव सांगितले. विरुद्ध पक्षाच्या वकिलांनी तो बनवाबनवी करतो असा आक्षेप घेतला. तो खोटे बोलत नव्हता. त्याला प्रश्नच पोचला नव्हता. रात्री कानात सतत शिटी वाजत असते म्हणून झोप लागत नाही, हे त्याने मला बाहेर व्हरांड्यात सांगितले, आणि तेही ओशाळून, जणू काही तो त्याचाच अपराध!

कायदा काय करतो? २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबेलची मर्यादा घातली आहे. ती माडीवर झोपणाऱ्याच्या कानासाठी आहे, आणि ती असावयासच हवी. परंतु रस्त्यावर वाजविणाऱ्याचा कान त्या नियमांच्या नजरेला पडत नाही. आवाजाने येणारे बहिरेपण हा १९४८ च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात व्यावसायिक रोग म्हणून नमूद होता. त्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या संहितेतही तो नमूद आहे. कारखान्यातील मजुरास निदान दाद मागावयास दार आहे. सुपारीवर जाणाऱ्या पार्टीत मात्र हजेरीपट नाही, नेमणुकीचा कागद नाही, आणि मालक कोण म्हणावे तर मास्तर वरपित्याकडे बोट दाखवितो व वरपिता मास्तरकडे.

"ही कला आहे, हा काही कारखाना नव्हे," असे म्हणणाऱ्यांनी लंडनकडे पाहावे. तेथील रॉयल ऑपेरा हाऊसमध्ये सप्टेंबर २०१२ मध्ये वाग्नरच्या एका संगीतिकेच्या तालमीत व्हायोलावादकास ट्रम्पेट आदी पितळी वाद्यांच्या पुढ्यात बसविण्यात आले, आणि त्याच्या कानास कायमची इजा झाली. संस्थेने इअरप्लग दिले होते, परंतु घालणे न घालणे वादकाच्या मर्जीवर सोडले होते. संगीतात आवाज हेच उत्पादन आहे, असा बचाव झाला. २०१८ साली हायकोर्टाने तो फेटाळला: नियम कारखाना आणि नाट्यगृह असा भेद करीत नाहीत. २०१९ साली वरिष्ठ न्यायालयाने, सर्व वेळ इअरप्लगची सक्ती व्यवहार्य नाही एवढे मान्य केले. परंतु संस्थेची जबाबदारी कायम राहिली. तेथील वादकाच्या कानास हे संरक्षण मिळते आणि आपल्या हलगीवाल्याच्या कानास मिळत नाही, याचे कारण कानाच्या रचनेत शोधून सापडणार नाही.

इअरप्लगने ताल बिघडतो, ही तक्रार मात्र मी थट्टेवारी नेणार नाही. साधा फोमचा बोळा उंच स्वर अधिक गिळतो, त्यामुळे वाद्य गुदमरल्यासारखे वाटते. म्हणूनच १९८८ पासून सर्व स्वर जवळजवळ सारखेच उतरविणारे, खास वादकांसाठी बनविलेले इअरप्लग मिळतात. ते महाग पडतात हे खरे. पण फोमची जोडी एका वडापावाच्या किमतीत येते, आणि हलगी-ताशाच्या ठेक्याला ती पुरेशी आहे. कापसाच्या बोळ्याने मात्र फारसे काही साधत नाही.

"ते स्वतः मागत नाहीत," हा शेवटचा बचाव. एशियाड मजुरांच्या १९८२ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, भुकेने लादलेली सक्ती ही संविधानाच्या २३ व्या कलमान्वये सक्तीच होय. १९९५ साली ॲस्बेस्टॉसच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने कामगाराचे आरोग्य २१ व्या कलमात बसविले. पुढची सुपारी जाईल या भीतीने गप्प राहणाऱ्याच्या मौनास संमती म्हणावयाचे काय?

आणि आता आपल्याविषयी. १९५६ च्या धर्मांतरानंतर गावोगावी कित्येकांनी गावकीची हलगी खाली ठेवली, ती गावाने वाजवावयास लावली म्हणून. आज १४ एप्रिलला आपल्याच मिरवणुकीत कोणा गरिबाचा मुलगा भाड्याने आणून, कर्ण्यांच्या भिंतीपुढे रात्री दहापर्यंत वाजवावयास उभा केला जातो, आणि त्याच्या कानाची चौकशी आपणही करीत नाही. गावकीने केले तर जुलूम, आणि आपण केले तर उत्साह?

म्हणून जयंती कमिट्यांकडे माझी मागणी आहे. यंदा वाजंत्र्यांशी ठरवाल तेव्हा ते तोंडी ठरवू नका. कागदावर चार गोष्टी लिहा: प्रत्येक वादकास इअरप्लग कमिटीच्या खर्चाने, दर तासाला १५ मिनिटे विसावा, तोही कर्ण्यांपासून दूर, कर्ण्यांच्या तोंडापुढे कोणास उभे करावयाचे नाही, आणि इअरप्लग घातले म्हणून किंवा विसावा मागितला म्हणून बिदागी कापावयाची नाही. खाली कमिटीच्या अध्यक्षाची सही हवी, म्हणजे उद्या कोर्टात मालक कोण हे शोधावे लागणार नाही. मसुदा हवा असल्यास कळवावे, मी तो विनामूल्य करून देईन.