इंजिन ओरडतं, गाडी सरकत नाही

गेल्या महिन्यात अम्मींचे डोळे दाखवायला आम्ही पाचोऱ्याहून छत्रपती संभाजीनगरला निघालो. चाळीसगाव मागे पडलं, कन्नडचा घाट लागला आणि निम्म्या चढावर वाहनांची रांग थांबली. पुन्हा निघायची वेळ आली तेव्हा अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिन नुसतं ओरडायचं. काटा चार हजारांवर, चाल बैलगाडीची, वर जळका वास. अम्मींनी तसबीह हातात घेतली. गाडी कडेला लावून अर्धा तास थंड होऊ दिली, मग कसाबसा घाट चढलो.

गाडी ऑटोमॅटिक, सहा महिन्यांपूर्वी जुनी घेतलेली. घेताना चालवून पाहिली ती सपाट रस्त्यावर. चढावर न्यायचं सुचलंच नाही.

एका गॅरेजवाल्याने बॉनेटही न उघडता सांगितलं, गिअरबॉक्स गेला, नवा टाका. जळगावच्या दुसऱ्या मिस्त्रींनी आधी विचारलं, ऑटोमॅटिक कोणत्या जातीचं? हा प्रश्न लाखमोलाचा. मारुतीने 2014 मध्ये सेलेरिओत आणलेल्या एएमटीसारख्या गाड्यांत आतला गिअरबॉक्स साधाच असतो, क्लच प्लेटही असते. फक्त पायाचं काम यंत्र करतं. तिथे गाडी ओढत नसेल तर पहिला संशय झिजलेल्या प्लेटवर. टॉर्क कन्व्हर्टर असेल तर आधी तेल पाहायचं. ते काळं पडून जळकट वास येत असेल तर आतल्या प्लेटा झिजल्याची शंका घ्यावी. तेल कमी असेल तर नुसतं भरून भागत नाही, कुठेतरी गळती असणारच. हे तेल इंजिन ऑइलसारखं जळून कमी होत नाही. बऱ्याच नव्या गाड्यांत ते पाहायची काडीच नसते, रॅम्पवर चढवूनच बघावं लागतं. आणि सीव्हीटीला तिचंच तेल लागतं, दुसरं चालत नाही.

आमची एएमटी निघाली. प्लेट पार झिजलेली. थोडा दोष आमचाही: चढावर थांबलो की ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरायचो. त्यात प्लेट घासत राहते. नवी प्लेट बसवल्यावर मिस्त्रींनी कॉम्प्युटर जोडून यंत्राला नव्या क्लचची ओळख करून दिली. हे राहिलं तर गाडी झटके देते. खर्च पहिल्या गॅरेजने सांगितलेल्या आकड्याच्या चौथाईतही आटोपला.

दुरुस्तीआधी घरातल्याच एकाने सल्ला दिला होता, सपाटीवर चालते ना, मग तशीच विकून टाका, सांगायचं कशाला? आम्हालाही तासभर ते पटलं होतं, खोटं का बोला. मग अम्मींनी धान्याच्या ढिगाची हदीस आठवून दिली. बाजारात हुजूर सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांनी ढिगात हात घातला, तर वरून कोरडं आणि आत ओलं. ओलं धान्य वर का ठेवलं नाहीस, असं त्यांनी विकणाऱ्याला विचारलं होतं.

दुरुस्तीचं बिल आता गाडीच्या कप्प्यात आहे. कधी विकायची झालीच, तर घेणाऱ्याला ते दाखवू आणि आधी घाटात चालवून बघा म्हणून सांगू.